मालक जवळ आहे का?

कॉम्प्युटरनं मला माझं नाव विचारलं तेव्हा मी खुर्चीतून ताडकन उठून उभी राहिले. शाळेत नाव विचारलं की उभं राहायचं, ही सवय अंगात इतकी मुरलेली की समोर माणूस आहे की यंत्र, हे बघायला पायांना वेळच मिळाला नाही. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत प्रश्न आला होता. त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि पुढे लुकलुकणारी एक छोटी रेघ. ‘‘बस गं, तू उभी आहेस ते त्याला दिसत नाही,’’ सर म्हणाले. मी बसले आणि कीबोर्डवर अक्षरं शोधायला लागले. एक सापडलं की दुसरं हरवायचं. शेवटी एंटर दाबलं आणि पडद्यावर माझ्या नावासकट नमस्कार आला.

नमस्काराचं मला फार कौतुक वाटलं नाही, तो तर सरांनीच आत लिहून ठेवला होता. पण मी अक्षरं शोधत होते तेवढा सगळा वेळ ते यंत्र थांबलं होतं! माझ्या उत्तराशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नव्हतं. आमच्या घरात माझ्या उत्तरासाठी कोण थांबणार? आई विचारायची, ‘‘जेवलीस का गो?’’ आणि लगेच स्वतःच म्हणायची, ‘‘जेवली असशील.’’ आत्या माझं लग्न, माझं शिक्षण, माझी तब्येत या विषयांवर माझ्यासमोर बसून माझ्या आईला प्रश्न विचारायची. मी अखंड बडबड करायचे ती बहुधा म्हणूनच. त्या दिवशी घरी येताना एसटीत मी खिडकीशी बसून एकटीच हसत होते. कुणीतरी मला प्रश्न विचारून गप्प बसलं होतं, हे मला कुणाला तरी सांगायचं होतं.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. माझी बारावी झाली होती आणि पुढे काय, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे, खताच्या दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास निघाला. आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. बाबांची भाताची आणि डोंगरउतारावर थोडी नाचणीची शेती. मामाने क्लासची पाटी वाचली, बाबांच्या कानावर घातली आणि कसं कोण जाणे, बाबा ‘‘जाऊ दे चार महिने’’ म्हणाले. त्या चार महिन्यांवर मी जगत होते.

क्लासचे सर आटगावचे. शहापूरला त्यांचा मोठा क्लास होता. मुरबाडची ही शाखा त्यांनी हौसेने काढली होती, आणि तिच्यात यंत्रं मोजून दोन. चपला जिन्यात काढायच्या, हातपाय धुऊन यायचं, कॉम्प्युटरवरचं निळं कापड घडी करून ठेवायचं आणि मगच बटण दाबायचं. खालून खताचा वास वर येत असे. आजही युरियाची गोणी फोडलेली दिसली की मला प्रोग्रॅम लिहावासा वाटतो.

आम्ही शिकत होतो बेसिक. कॉम्प्युटरला हुकूम सोडायची ती एक सोपी भाषा. प्रत्येक हुकुमाला नंबर द्यायचा, तोही दहा, वीस, तीस असा अंतर सोडून. मधली जागा वाया का घालवायची, असं मी विचारलं. सर म्हणाले, ‘‘माणूस काहीतरी विसरतोच. मग पंधरा नंबरची ओळ मध्ये घुसवता येते.’’ माणूस विसरणार हे आधीच धरून चालणारी भाषा! मला ती तिथेच आवडून गेली. ‘इनपुट’ म्हटलं की कॉम्प्युटर प्रश्न विचारून थांबतो. ‘इफ’ म्हटलं की आलेल्या उत्तराकडे बघून कुठे वळायचं ते ठरवतो. उत्तर असं असेल तर इकडे, नसेल तर तिकडे.

हे ‘इफ’ प्रकरण काही मुलांना जड गेलं. मला एका तासात आलं, कारण मी ते जन्मापासून ऐकत होते. आई सकाळी शेतावर निघताना उंबऱ्यातून प्रोग्रॅमच सांगून जायची, ‘‘ऊन पडलं तर पापड बाहेर टाक, नाय तर माळ्यावर ने. पावना आला तर च्या ठेव, नाय आला तर दूध विरजून टाक.’’ मी तिला म्हटलं, ‘‘आई, तू बेसिकमध्ये बोलतेस.’’ ती म्हणाली, ‘‘मी मराठीतच बोलते, तुजं ध्यान कुठं असतं?’’ मग मी घरभर इफ आणि देन करत फिरायला लागले. म्हशीला पाणी दाखवताना, भाकरी थापताना, विहिरीवर. बायका आईला विचारायच्या, पोरीला काय झालंय म्हणून.

कॉम्प्युटरच्या खोड्याही मला ठाऊक झाल्या. त्याने आकडा मागितला आणि आपण अक्षरं टाइप केली की तो इंग्रजीत सांगायचा, पुन्हा पहिल्यापासून कर. रागवायचा नाही, टोमणा मारायचा नाही, तोच प्रश्न परत विचारायचा. एवढी माया मी माणसांत क्वचित बघितली होती.

दिवाळीनंतर सरांचा चेहरा उतरलेला दिसायला लागला. आमच्या तुकडीत टाळकी कमी, त्यातली दोन भात कापणीला गेली ती आलीच नाहीत. एके दिवशी सर म्हणाले, ‘‘तुमचं हे चार महिन्यांचं होईल पुरं. पण नवीन बॅच भरली नाही तर मी मशिनी शहापूरला घेऊन जाणार. ज्यांना पुढचं शिकायचंय त्यांनी तिकडे या.’’ ते सहज बोलले, कारण त्यांच्याकडे स्कूटर होती. आमच्या गावाहून शहापूर म्हणजे दोन एसट्या, आणि दुसरी कधी येईल ते तिच्या मनावर. मला घरातून तिकडे कुणी पाठवणार नव्हतं. मशिनी गेल्या की माझं शिकणं संपलं. मी जिन्यात चपला घातल्या. राग कुणावर काढायचा तेही कळेना, तर मी खतवाल्याच्या वजनकाट्याला लाथ मारली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, ‘‘म्हशाच्या जत्रेत स्टॉल लावू या.’’

पौषातली म्हशाची जत्रा आमच्याकडे देवाइतकीच बैलांची. घोंगड्या, कढया, विळे-कोयते, पाळणे, सगळं असतं, पण खरी गर्दी बैलबाजारात. मुरबाड-शहापूर, दोन्ही तालुक्यांतली माणसं तिथे येतात. सर म्हणाले, ‘‘जत्रेत कॉम्प्युटर काय करणार?’’ मी म्हटलं, ‘‘बैल पारखणार.’’ हे मला बोलता बोलता सुचलं, आणि सुचल्यावर मी इतकी खूश झाले की सरांना हो म्हणायला जागाच ठेवली नाही.

बैल पारखणं म्हणजे सगळं इनपुट आणि इफच की! दात किती? वशिंड भरलेलं आहे का? चाल सरळ आहे का? मारका आहे का? चिखलणीत मध्येच बसतो का? बाबा दर वर्षी जत्रेला जायचे आणि लहानपणी मीही त्यांच्या खांद्यावर बसून गेले होते. आता मी रोज संध्याकाळी गोठ्यात त्यांच्या मागे लागले. बाबा पेंढा घालता घालता सांगायचे, ‘‘चार दात झालं म्हंजी बैल कामाला आला. आठ झालं म्हंजी जुळला, त्याच्या पुडं तो उताराला लागतो. शिंगाला भुलायचं नाय, खूर बगायचं.’’ आणि का विचारते, कशाला विचारते, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. क्लासबद्दल ते घरात चकार शब्द काढत नसत.

प्रोग्रॅम मी असा लिहिला. कॉम्प्युटर एकेक प्रश्न विचारणार. चांगलं उत्तर आलं की एक गुण चांगल्याच्या डब्यात, वाईट आलं की वाईटाच्या डब्यात. शेवटी चांगल्याचा डबा जड भरला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ‘घ्या’, नाहीतर ‘घेऊ नका’. माडीवर आम्ही त्याला सगळ्या ओळखीच्या बैलांची उत्तरं घालून बघितली. आमच्या पवळ्याला तो ‘घ्या’ म्हणाला तेव्हा मी टाळ्या पिटल्या. सरसुद्धा हसायला लागले होते.

जत्रेत आमचा स्टॉल घोंगडीवाला आणि कढईवाला यांच्यामध्ये, बैलबाजाराच्या तोंडाशी. पाळणेवाल्याच्या जनरेटरवरून वायर ओढलेली. कॉम्प्युटर टेबलावर, टेबलाखाली पेंढा, वर ताडपत्री. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्यावर धूळ बसत होती. सुरुवातीला पोरंच आली. ‘‘पिच्चर लावा की!’’ म्हणून ओरडली आणि पिच्चर नाही म्हटल्यावर निघून गेली. मग मीच बाहेर उभी राहून आवाज द्यायला लागले, ‘‘या, या, बैल घ्यायच्या आधी कॉम्प्युटरला विचारून घ्या!’’ मुलीचा आवाज ऐकून माणसं वळली आणि एकदा वळली ती थांबली.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते झेंडूच्या रंगाचा फेटा बांधलेले, आवाजाने भारी असे एक शेतकरीकाका. त्यांच्यासोबत एक बैल आणि बैलाचा मालक. बैल असा की मी पाहतच राहिले. पांढरा, भरल्या वशिंडाचा, चारदाती. सौदा पटत नव्हता म्हणून काका चेष्टेने म्हणाले, ‘‘चला, डब्याला इचारू.’’ गर्दी जमली. मी पडद्यावरचा प्रश्न वाचायचा, काकांनी उत्तर द्यायचं आणि मी ते टाइप करायचं, असं ठरलं.

‘‘दात किती?’’

‘‘आठ धर. जुळला कवाच.’’

मी चमकून बैलाकडे बघितलं. पण इनपुट देणारे काका होते, मी आठ टाकले.

‘‘वशिंड भरलेलं आहे का?’’

‘‘कुठलं भरल्यालं! उपाशी हाय बिचारा.’’

चाल वाकडी. मारका आहे. चिखलात बसतो, नक्की बसत असणार. मी टाइप करत गेले, एंटर दाबलं आणि पडद्यावर आलं, घेऊ नका. मी ते वाचताच बैलाचा मालक खवळला. ‘‘कोण म्हणतो? काडा भायेर त्याला! माज्या बैलाला नावं ठेवतो?’’ त्याला बाहेर काढायचं म्हणजे कुणाला, हे सरांनाही कळेना. मालक कॉम्प्युटरच्या मागे जाऊन बघून आला.

लगेच दुसरे एकजण आले. त्यांच्यासोबत मालकाने आणलेला बैल म्हणजे नुसता हाडांचा सापळा. त्यांना तो घ्यायचा नव्हता, मालक गळी पडला होता आणि त्यांना तिथून सुटायचं होतं. ते प्रत्येक प्रश्नाला गोड उत्तर देत गेले. दात चार, चाल झकास, बैल म्हणजे सोनं, पण काय करणार, आम्हाला यंदा जमायचं नाही. कॉम्प्युटरने जाहीर केलं, घ्या. आणि गर्दीत जो हशा पिकला! कढईवाला कढई वाजवायला लागला. फेटेवाले काका पोट धरून म्हणाले, ‘‘याच्यापरीस आमची म्हस हुशार. तिला निदान पेंडा कुठला नि जळनाची फाटी कुठली ते कळतं!’’

सरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ते हळूच म्हणाले, ‘‘बंद करू या. उगाच नाव खराब होईल.’’ नाव खराब झालं म्हणजे बॅच नाही, बॅच नाही म्हणजे मशिनी शहापूरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण रागाचं. प्रोग्रॅम बरोबर होता! मी एकेक ओळ शंभरदा तपासली होती. मी म्हटलं, ‘‘थोडं थांबा, मी बाबांना घेऊन येते,’’ आणि बैलबाजारात घुसले.

बाबा तिसऱ्या रांगेत सापडले. ते एका बैलाशेजारी उभे होते, त्याच्या पाठीवरून हात फिरवत. बैल कोसा, फिकट तपकिरी रंगाचा, डोळे शांत. मी बघूनच ओळखलं की हा बाबांच्या मनात भरलाय. आणि बाबा त्याच्या मालकाला सांगत होते, ‘‘ह्याला काय बैल म्हनायचं? खांद बग, उतरलीय. पाय कसं टाकतो बग. चिखलात घातला तर दुपारच्याला बसंल. फुकाट दिलास तरी इचार करावा लागंल.’’

मी जागच्या जागी उभी राहिले. हे बोलणं मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाजारात जो बैल हवा त्याला नावं ठेवायची, आणि जो नको त्याची स्तुती करून वाट धरायची. आमच्याकडे कुणीच याला खोटं बोलणं म्हणत नाही, ही बाजाराची रीत आहे. समोर मालक उभा असताना बैल चांगला आहे असं म्हणणारा माणूस अख्ख्या जत्रेत सापडायचा नाही. आणि मी, बाबांच्या खांद्यावर बसून हे सगळं पाहिलेली मी, असा प्रोग्रॅम लिहिला होता जो ऐकलं ते खरं धरून चालला होता! गोठ्यात बाबांनी खरी उत्तरं दिली, कारण गोठ्यात मालक नव्हता.

मी बाबांना हाक न मारताच उलटी पळाले. कुणाच्या तरी दाव्यात पाय अडकला, शेणात हात टेकला, तसाच घोंगडीवाल्याच्या पाण्यात बुचकळला आणि कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. ‘‘सर, एक ओळ विसरले होते!’’ पहिल्या हुकुमाला दहा नंबर होता. मी पाच नंबर टाकला आणि त्याच्यापुढे एक नवा प्रश्न लिहिला. मग शेवटाकडे गेले. बेसिकमध्ये एक सुंदर हुकूम आहे, स्वॅप. दोन डब्यांतला माल तो एका फटक्यात एकमेकांत बदलतो. मी लिहिलं, नव्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर चांगल्याचा आणि वाईटाचा डबा बदल. बस्स! एंटर दाबणार तेवढ्यात पलीकडे पाळणा सुरू झाला, जनरेटरने आचका दिला आणि पडदा मिटला.

मी देवाचं नाव घेतलं की शिवी दिली ते आता आठवत नाही. सर पळत जाऊन पाळणेवाल्याशी भांडून आले. फ्लॉपीवरून जुना प्रोग्रॅम परत चढवला, विसरलेल्या ओळी मी परत लिहिल्या. गर्दी अजून होती, कारण हसायला मिळत असलं की आमची माणसं लवकर हलत नाहीत. मी ओरडून म्हटलं, ‘‘काका, तुमचा बैल परत आणा. तोच बैल, तीच उत्तरं!’’

फेटेवाले काका ऐटीत पुढे आले. मालकही आला, बैलाचं तोंड पार टेबलावर आलं. मी पडद्यावरचा पहिला प्रश्न मोठ्याने वाचला, ‘‘मालक जवळ आहे का?’’

मागून कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं आणि ते हसू रांगेरांगेने पसरत गेलं. ‘‘आता बोल!’’ ‘‘डब्यानं वळखलं तुला!’’ मालक स्वतःच छाती पुढे काढून म्हणाला, ‘‘हाय! जवळच हाय! टाक गो पोरी, हाय म्हून टाक!’’ मी ‘हो’ टाकलं. काकांना मागे फिरता येईना. दात आठ, वशिंड नाही, चाल वाकडी, मारका, बसका. सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं, पण आवाज मघाचा नव्हता. मी एंटर दाबलं. पडद्यावर हिरवं, ठसठशीत अक्षर उमटलं, घ्या.

जो गलका झाला तो मी जन्मात विसरणार नाही. मालकाने बैलाच्या मानेला मिठी मारली. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मग लाजून हात मागे घेतला. मी टेबलाच्या पलीकडे उड्या मारत होते. फेटेवाले काका मात्र लालबुंद झाले. ‘‘आता हा भाव चढवंल ना! आमच्या धंद्यावर उठलाय हा खोका. असल्या किलासला आमच्या घरचं कुत्रं पन यायचं नाय!’’ असं म्हणत त्यांनी दावं हातात घेतलं, कारण बैल घ्यायचाच होता, आणि तरातरा निघून गेले.

मग संध्याकाळपर्यंत रीघ लागली. कुणी बैल आणले, कुणी आठवणीतले बैल सांगितले, एका आजीने शेळीची चौकशी केली. सर सगळ्यांना क्लासची माहिती देत होते आणि समोरून उत्तरं येत होती, ‘‘वा वा, फस्क्लास!’’ ‘‘येनार, सोमवारीच येनार.’’ ‘‘पोराला धाडतोच.’’ काहीजण नाक मुरडून गेले. पोटाला लागतं ते यातून निघतं का, असं विचारून गेले. ते गेले तरी मला पर्वा नव्हती. परतीच्या जीपमध्ये मी बाबांच्या कोशा बैलाचं कौतुकसुद्धा नीट ऐकलं नाही. डोक्यात नवी बॅच बसली होती.

सोमवारी मी पहिल्या एसटीने मुरबाडला गेले. माडी झाडली, निळी कापडं काढून घडी केली, बाक पुसले. वेळ झाली. कुणी आलं नाही. सर म्हणाले, एसटी लेट असेल. एसटी आली, खिडकीतून मी उतरणारं एकेक माणूस बघितलं. दुसरी आली. ‘येनार, सोमवारीच येनार’ म्हणणाऱ्यांतलं एकही माणूस उतरलं नाही. दुपार झाली तेव्हा सर उठले आणि मागची वायर काढून हाताला गुंडाळायला लागले. मी त्यांना म्हटलं, ‘‘अजून थोडं.’’ ते म्हणाले, ‘‘अगं, जत्रेत माणूस काहीही बोलतो.’’ तिथे मला रडू फुटलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

आणि जिन्यात आवाज आला. ‘‘काय हा जिना! माणूस पडून मरंल. वर काय सोनं वाटतात काय?’’ चपला काढल्याचा आवाज झाला आणि दारात फेटेवाले काका उभे. त्यांच्यामागे दोन वेण्या घातलेली त्यांची मुलगी. काकांनी सरांकडे बघितलंही नाही, छताकडे बघत म्हणाले, ‘‘फालतू धंदा हाय, मला म्हाईत हाय. पन पोरगी ऐकत नाय. किती दिसाचा हा किलास?’’

मी डोळे पुसले. सर त्यांना चांगल्या भाषेत सांगायला लागले की जबरदस्ती नाही, विचार करून या. मी सरांचा शर्ट मागून ओढला आणि हळूच म्हटलं, ‘‘सर, मालक जवळ आहे!’’ सरांना दोन क्षण लागले. मग त्यांनी हातातली वायर परत जोडायला घेतली. त्या दुपारी आणखी माणसं आली. बहुतेक सगळी जत्रेत नाक मुरडून गेलेली. पोटाला काय लागतं ते विचारून गेलेले गृहस्थ तर दोन मुलगे घेऊन आले. बाक भरले. एका मुलीला बसायला जागा उरेना म्हणून खतवाल्याने खालून स्टूल पाठवलं. मशिनी शहापूरला गेल्या नाहीत.

पण माझं काय, ते अजून ठरलं नव्हतं. माझे चार महिने संपत आले होते. सरांना मला पुढचं वर्षभराचं शिकवायचं होतं आणि नव्या मुलांना मीच इनपुट आणि इफ शिकवावं असं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी बाबांची परवानगी हवी. त्या आठवड्यात बाबा बी-बियाण्याच्या कामाला मुरबाडला आले आणि मी त्यांना माडीवर बोलावलं. ते पहिल्यांदाच वर आले. चपला काढल्या, दारातच उभे राहिले. नवी मुलं खाली मान घालून टाइप करत होती. कुणाचं तरी नाव कॉम्प्युटरने विचारलं होतं आणि तो थांबला होता. सर अदबीने म्हणाले, ‘‘काका, तुमची मुलगी हुशार आहे. तिला अजून एक वर्ष माझ्याकडे ठेवा.’’

बाबांनी आधी पंख्याकडे बघितलं. ‘‘हा पंखा वाजतो.’’ मग कॉम्प्युटरकडे. ‘‘खोका जुना दिसतो. बारका पन हाय.’’ मग खिडकी, जिना, खताचा वास, एसटीचं टायमिंग. शेवटी माझ्याकडे वळले. ‘‘आनि हिचं काय सांगता? नुसती बडबड. घरात एक काम धड करत नाय. भाकरी करपवते. कसली हुशार? तुमाला फसवलंन तिनं. एक वरीस म्हंजी लय झालं. कशाला पायजे?’’

सरांचा चेहरा पडला. ते माझ्याकडे बघायला लागले, मला वाईट वाटलं असेल म्हणून. मी ओढणी तोंडात कोंबून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढी नावं तर बाबांनी त्या कोशा बैलालाही ठेवली नव्हती.